कारचा एसी अचानक गरम हवा देतोय? गॅरेजला जाण्याआधी स्वतः काय तपासाल

एसीचं बटण दाबलेलं आहे, त्यावरचा छोटा दिवा लागलेला आहे, ब्लोअर जोरात फिरतोय आणि तरी जाळीतून येणारी हवा कोमट. छोट्या कारच्या मालकांचा हा उन्हाळ्यातला ठरलेला प्रश्न आहे. त्यावर मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं : "गॅस संपला असेल, भरून घ्या." हे उत्तर कधी कधी बरोबर निघतं. पण गॅस हे सात-आठ कारणांपैकी फक्त एक कारण आहे. त्यातल्या एका कारणात तर एसी गरम होणं म्हणजे इंजिनने दिलेला इशारा असतो. तो ओळखला नाही तर खर्च गॅसवर थांबत नाही, थेट इंजिन उघडावं लागतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डिग्री मेकॅनिकलची, नोकरी कोडिंगची. महाराष्ट्रात यात काही नवल नाही. त्यामुळे घरच्यांच्या आणि मित्रांच्या गाड्यांचे असे प्रश्न माझ्याकडे येतात, आणि मी ते प्रोग्राममधला बग शोधावा तसे शोधतो : आधी भाग पाडायचे, मग एकेक भाग बाद करायचा. या लेखात तीच पद्धत आहे. यातलं बहुतेक काम फोन आणि दोन हात यांच्यावर होतं.

सगळ्यात आधी : इंजिन तापलंय का?

इंजिनचा कंट्रोलर, म्हणजे ईसीयू, कुलंटचं तापमान सतत मोजत असतो. ते ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की बहुतेक आधुनिक गाड्यांमध्ये ईसीयू एसीचा कॉम्प्रेसर बंद करतो. कारण सरळ आहे. पेट्रोल-डिझेलच्या छोट्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे तो इंजिनवरचा जादा भार. शिवाय एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या अगदी पुढे बसवलेला असतो, त्यामुळे एसी चालू असताना रेडिएटरला आधीच तापलेली हवा मिळते. एसी बंद केला की इंजिनला दोन्ही बाजूंनी दिलासा मिळतो.

आत बसलेल्या माणसाला मात्र यातलं काहीच कळत नाही. बटणावरचा दिवा लागलेलाच राहतो, ब्लोअर चालूच राहतो, फक्त हवा गरम होते. जुन्या गाड्यांत डॅशबोर्डवर तापमानाचा काटा असायचा. आता अनेक छोट्या हॅचबॅकमध्ये काटाच नाही : इंजिन गार असताना निळा दिवा, जास्त तापल्यावर लाल दिवा, आणि मधलं काही दिसत नाही. म्हणजे लाल दिवा लागायच्या आधीच एसी बंद पडलेला असू शकतो.

म्हणून कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात, भरलेल्या गाडीत, दुपारच्या उन्हात एसी एकदम गरम झाला आणि मिनिटभरातही परत थंड झाला नाही, तर गॅसचा विचार नंतर करा. एसीचं बटण बंद करा, काचा खाली घ्या, आणि तापमानाचा नॉब पूर्ण लालवर नेऊन ब्लोअर फुल करा. हो, हीटर लावायचा. हीटर इंजिनच्या गरम कुलंटमधूनच उष्णता घेतो, त्यामुळे तो एका छोट्या जादा रेडिएटरचं काम करतो. घाम निघेल, पण इंजिन वाचेल. सुरक्षित जागा दिसताच गाडी बाजूला घ्या. लाल दिवा लागला असेल किंवा बोनेटमधून वाफ येत असेल, तर लगेच इंजिन बंद करा. रेडिएटरचं किंवा कुलंटच्या टाकीचं झाकण गरम असताना उघडू नका. आतलं कुलंट दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उसळून हात-तोंड भाजतं. पूर्ण गार झाल्यावर पातळी बघा. तशीच चालवत नेली तर हेड गॅस्केट जाण्याची, हेड वाकण्याची भीती असते, आणि तो खर्च नव्या कॉम्प्रेसरलाही मागे टाकू शकतो.

एक फरक लक्षात ठेवा. चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तर काही सेकंदांसाठी एसी बंद होणं नॉर्मल आहे. इंजिनची सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून ईसीयू मुद्दाम तसं करतो. काळजी करायची ती मिनिटांची, सेकंदांची नाही.

एसी आत काय करतो

हे समजलं की पुढच्या सगळ्या चाचण्या आपोआप समजतात. एसी थंडी "बनवत" नाही. तो गाडीच्या आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. उष्णता वाहून नेणाऱ्या पदार्थाला आपण गॅस म्हणतो. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए असतो. अलीकडच्या काही मॉडेल्समध्ये आर-१२३४वायएफ. दोन्ही एकमेकांत मिसळायचे नसतात. तुमच्या गाडीत कोणता आणि किती ग्रॅम, हे बोनेटखालच्या स्टिकरवर छापलेलं असतं. छोट्या कारमध्ये हा आकडा साधारण ३०० ते ५०० ग्रॅमच्या आसपास दिसतो. आत्ताच त्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

डॅशबोर्डच्या आत एक कूलिंग कॉइल असते. तिथे गॅसचा दाब कमी, साधारण २ बार, म्हणजे टायरमधल्या हवेइतका. या दाबाला आर-१३४ए शून्य अंशाच्या जवळ उकळतो. उकळायला उष्णता लागते, ती तो केबिनच्या हवेतून घेतो आणि हवा थंड होते. मग कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबून दाब १५ बारच्या घरात नेतो. या दाबाला त्याचं द्रव होण्याचं तापमान ५५-६० अंश होतं. पुढे कंडेन्सरमध्ये, म्हणजे बंपरच्या जाळीमागच्या त्या रेडिएटरसारख्या पत्र्यात, तो बाहेरच्या हवेला उष्णता देऊन द्रव होतो आणि परत कॉइलकडे जातो.

गंमत इथे आहे. अकोल्यात किंवा चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असताना त्या ४५ अंशांच्या हवेनेच कंडेन्सर "थंड" करायचा असतो. ६० अंशांचा गॅस आणि ४५ अंशांची हवा, अंतर फक्त १५ अंशांचं. म्हणून कंडेन्सरवर थोडी धूळ बसली किंवा पंखा थोडा मंद झाला तरी विदर्भात एसी लगेच हार मानतो, आणि तीच गाडी महाबळेश्वरला ठणठणीत वाटते. गाडी बिघडली कालच, असं नसतं. उन्हाळ्याने ती उघडी पाडलेली असते.

दोन पाइपांची चाचणी

माझ्या मते ही एकच चाचणी सगळ्यांना यायला हवी, कारण ती प्रश्नाचे सरळ दोन तुकडे करते.

गाडी मोकळ्या हवेत उभी करा. बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून तपासण्या करू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिअर न्यूट्रलवर, ऑटोमॅटिक असेल तर पार्कवर, हँडब्रेक ओढलेला. एसी पूर्ण थंडवर, ब्लोअर मधल्या स्पीडवर, पाच मिनिटं चालू द्या. बोनेट उघडा. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या पत्र्यातून ॲल्युमिनियमचे दोन पाइप आत जाताना दिसतील, एक जाड आणि एक बारीक. पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात, ओढणी, आयडी कार्डाची दोरी लांब ठेवा. पंखा मध्येच स्वतःहून सुरू होतो. जाड पाइपला हलकेच बोट लावा. बारीक पाइप गरम असतो आणि इंजिनकडच्या बाजूला चटका देण्याइतका तापलेला असू शकतो, त्याला फक्त जवळून अंदाज घ्या.

जाड पाइप गारेगार असेल, त्यावर दव आलं असेल, तर एसी यंत्रणा काम करतेय. थंडी तयार होतेय, पण तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. बिघाड डॅशबोर्डच्या आत आहे आणि गॅस भरून काहीही होणार नाही.

जाड पाइप बाहेरच्या हवेइतकाच कोमट असेल, तर कॉम्प्रेसर चालत नाहीये, गॅस कमी आहे किंवा कंडेन्सरची उष्णता बाहेर जात नाहीये.

पाइप थंड, हवा गरम

अशा वेळी पहिला संशय तापमानाच्या नॉबवर. छोट्या गाड्यांमध्ये कूलिंग कॉइल आणि हीटर एकाच डब्यात असतात. अनेक मॉडेल्समध्ये हीटरमधून साधारण ९० अंशांचं कुलंट उन्हाळ्यातही सतत फिरत असतं. दोघांमध्ये एक झडप असते, आणि नॉब फिरवला की ती हवा थंड बाजूने न्यायची की गरम बाजूने, हे ठरवते. हाताने फिरवायच्या नॉबच्या गाड्यांत ही झडप एका बारीक केबलने ओढली जाते. ती केबल क्लिपमधून निसटली की नॉब निळ्यावर असला तरी झडप अर्धवट लालवर अडकते. नॉब नेहमीपेक्षा हलका फिरतोय किंवा टोकाला जाऊन परत उसळतोय असं वाटलं, तर बहुतेक हेच. काम छोटं असतं, पार्टही बहुतेक वेळा लागत नाही.

ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असेल तर केबलऐवजी छोटी मोटर असते. तिचे दात झिजले की डॅशबोर्डमागून टक-टक-टक असा आवाज येतो. बॅटरी बदलल्यानंतर लगेच हा त्रास सुरू झाला असेल तर मोटर खराब आहे असं समजू नका. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर झडपेची जागा स्कॅनरने पुन्हा शिकवावी लागते.

दुसरा संशय हवेच्या वाटेवर. हवा थंड आहे पण फारच कमी येते, ब्लोअर फुल केला तरी जाळीत जोर नाही, असं असेल तर एसी फिल्टर. बहुतेक छोट्या गाड्यांत तो ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, स्क्रू न काढता निघतो, आणि नवा काही शे रुपयांत येतो. तुमच्या मॉडेलचं नाव टाकून व्हिडिओ शोधा, पाच मिनिटांचं काम आहे. झाडाखाली गाडी लावणाऱ्यांनी काचेखालच्या जाळीतला पाचोळाही काढावा. पावसाळ्यात त्या कोपऱ्यात उंदीर घर करतात, आणि फिल्टर कुरतडून झाला की वायरींकडे वळतात.

रिसर्क्युलेशनचं बटणही बघा. बाहेरची हवा आत घेण्याच्या मोडवर एसीला प्रत्येक क्षणी ४२ अंशांची नवी हवा गार करावी लागते. उन्हात तापलेल्या गाडीत बसताना आधी दोन-तीन मिनिटं काचा उघड्या ठेवून आतली भट्टी बाहेर जाऊ द्या, मग काचा बंद करून रिसर्क्युलेशन लावा. पहिली काही मिनिटं गरम हवा येणं हा बिघाड नाही.

कधी गरम होतो, ते नोंदवा

मेकॅनिकला "एसी चालत नाही" असं सांगणं म्हणजे डेव्हलपरला "ॲप चालत नाही" असं सांगण्यासारखं आहे. कधी, किती वेळाने, गाडी उभी असताना की धावताना, हे सांगितलं तर अर्धं निदान तिथेच होतं. दोन दिवस फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा.

हायवेला थंड आणि सिग्नलला गरम : कंडेन्सरला हवा मिळत नाहीये. धावताना वारा आपोआप लागतो, थांबल्यावर सगळी भिस्त पंख्यावर. एसी लावून बोनेट उघडा. मिनिटभरात पंखा सुरू व्हायला हवा. नाही झाला तर फ्यूज, रिले किंवा पंख्याची मोटर. हाच पंखा बहुतेक छोट्या गाड्यांत रेडिएटरलाही थंड करतो, म्हणजे हा बिघाड पुढे ढकलला तर गोष्ट वर सांगितलेल्या पहिल्या प्रकरणावर जाते. पंखा नीट असेल तर कंडेन्सर बघा. ऊस वाहतुकीच्या रस्त्यावरचा कचरा, हायवेचे किडे, चिखल, सगळं तिथे बसतं. इंजिन गार असताना बागेच्या पाइपने हलक्या धारेने धुवा. वॉशिंग सेंटरची जोराची धार जवळून मारली तर पातळ पत्र्या वाकतात आणि हवेची वाटच बंद होते. समोर शोभेसाठी लावलेली जाळी किंवा एक्स्ट्रा लाइटही हवा अडवतात.

सिग्नलला गरम होण्याचं आणखी एक कारण आहे आणि तो बिघाडच नाही. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी गाडी असेल, तर इंजिन थांबलं की पट्ट्यावरचा कॉम्प्रेसरही थांबतो. ब्लोअर चालू राहतो, कॉइलमधली उरलेली थंडी थोडा वेळ पुरते, मग दमट हवा यायला लागते. गोल बाणात "ए" असं चिन्ह असलेलं बटण दाबलं की ही सोय बंद होते. माझ्या एका सहकाऱ्याने या एका बटणासाठी सर्व्हिस सेंटरच्या दोन चकरा मारल्या होत्या.

लांबच्या प्रवासात तासभर मस्त थंड, मग हवेचा जोर हळूहळू कमी आणि शेवटी गरम : कॉइलवर बर्फ जमलाय. एसी बंद करून फक्त ब्लोअर पंधरा-वीस मिनिटं चालवलात आणि परत सगळं ठीक झालं, तर नक्की तेच. कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर बर्फ जमायच्या आधी कॉम्प्रेसर थांबवतो; तो चुकतोय, किंवा फिल्टर इतका तुंबलाय की कॉइलवरून हवाच जात नाही, किंवा गॅस कमी आहे. आधी स्वस्तातला फिल्टर बदला.

ड्रायव्हरकडे गरम, शेजारी थंड (किंवा उलट) : एकाच झोनच्या छोट्या गाडीत हे गॅस कमी असल्याचं लक्षण असू शकतं. गॅस कमी असला की कॉइलचा एकच भाग नीट गार होतो.

कॉम्प्रेसर चालूच होत नसेल तर

आता थोडं माझ्या आवडीचं. तुम्ही एसीचं बटण दाबता तेव्हा कॉम्प्रेसर चालू होत नाही. तुम्ही फक्त अर्ज करता. ईसीयू तो अर्ज बघतो आणि अटी तपासतो : इंजिन चालू आहे का, कुलंटचं तापमान मर्यादेत आहे का, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला नाही ना, कॉइल गोठायच्या बेतात नाही ना, आणि गॅसचा दाब फार कमी किंवा फार जास्त नाही ना. कोडमध्ये "आणि" लावून जोडलेल्या अटींसारखंच. एक जरी खोटी ठरली तरी रिलेला परवानगी नाही. आणि कोणती अट खोटी ठरली हे बहुतेक छोट्या गाड्या ड्रायव्हरला सांगत नाहीत. चांगला एरर मेसेज न देणाऱ्या सॉफ्टवेअरवर आपण चिडतो, तीच गत.

दाबाची अट मुद्दाम ठेवलेली आहे. कॉम्प्रेसरचं वंगणाचं तेल गॅसबरोबरच फिरतं. गॅस गळून गेला तर तेल पोहोचत नाही आणि कॉम्प्रेसर कोरडा फिरून जाम होईल, म्हणून दाब कमी होताच त्याला थांबवलं जातं. त्यामुळे काही व्हिडिओंमध्ये दाखवतात तसा प्रेशर स्विच तारेने जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवू नका. संरक्षण काढलं की महागाचा पार्ट खरंच जातो.

चालू होतोय की नाही हे बघायला फोन पुरतो. क्लचवाल्या कॉम्प्रेसरमध्ये पट्ट्याची पुली कायम फिरते, आणि एसी चालू झाला की "खट" आवाज होऊन तिच्या तोंडावरची चकतीही फिरायला लागते. लांब उभं राहून, झूम करून, स्लो मोशनमध्ये वीस-तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या आणि दुसऱ्या कोणाला तरी आतून बटण दाबायला सांगा. चकती अजिबात फिरत नाही, तर परवानगी, फ्यूज, रिले, वायर किंवा क्लच. दर काही सेकंदांनी खट-चालू, खट-बंद, तर बहुतेक गॅस कमी. छान फिरतेय आणि तरी पाइप कोमट, तर गॅस, कंडेन्सर किंवा आतून गेलेला कॉम्प्रेसर. काही नव्या गाड्यांत क्लच नसलेला कॉम्प्रेसर असतो, तिथे चकती नेहमीच फिरते आणि ही चाचणी लागू होत नाही.

फ्यूजबॉक्सच्या झाकणाच्या आत नकाशा असतो. गाडी बंद करून एसीचा रिले काढा आणि अगदी त्याच नंबरचा शेजारचा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, तिथे लावून बघा. एसी चालू झाला आणि हॉर्न बंद पडला, तर दोष सापडला. रिले स्वस्त असतो. फ्यूज मात्र तेवढ्याच अँपिअरचा लावा. जास्तीचा लावला तर वायर जळते.

फोन आणि ओबीडी ॲडॉप्टर

भारतात बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ बंधनकारक झालं. त्यानंतरची गाडी असेल तर स्टीअरिंगखाली १६ पिनांचा सॉकेट सापडेल. त्यात ब्लूटूथ ॲडॉप्टर लावून टॉर्क किंवा कार स्कॅनरसारख्या ॲपवर कुलंटचं खरं तापमान बघता येतं. काटा नसलेल्या गाडीवाल्यांसाठी हे एकच कारण पुरेसं आहे. नेहमीच्या चालवण्यात आकडा साधारण ८५ ते १०० च्या दरम्यान फिरतो. ११० च्या पुढे चढत राहिला तर थांबायची वेळ झाली.

एरर कोडही वाचा. पी०५३० हा गॅसच्या दाबाच्या सेन्सरच्या सर्किटचा, पी०४८० पहिल्या पंख्याच्या कंट्रोलचा, पी०६४५ एसी क्लचच्या रिलेचा. कोड म्हणजे पत्ता, गुन्हेगार नव्हे : सर्किटचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नाही, उंदराने कुरतडलेली वायरही तोच कोड देते. गॅसचा दाब आणि एसीचे आतले सेन्सर मात्र कंपनीनुसार वेगळे असल्याने साध्या ॲपमध्ये बहुतेक दिसत नाहीत. काम झालं की ॲडॉप्टर काढून ठेवा. तो बॅटरी खातो, आणि स्वस्तातल्या ॲडॉप्टरचा पिन १२३४ असतो.

जाळीत घालायला बारीक दांडीचा डिजिटल थर्मामीटर घ्या. फोन हवेचं तापमान मोजू शकत नाही. तसं सांगणारी बहुतेक ॲप्स हवामान खात्याचा आकडा किंवा स्वतःच्या बॅटरीचं तापमान दाखवतात. बाहेर ३५ अंश असताना, रिसर्क्युलेशनवर, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास ठेवून मधल्या जाळीत ८ ते १२ अंश मिळाले तर एसी उत्तम आहे.

गॅस : सिलिंडरचं गणित इथेही लागू

एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. बंद यंत्रणेत तोच तोच फिरतो. रबरी नळ्यांतून आणि सीलमधून वर्षाला थोडा झिरपतो, त्यामुळे पाच-सात वर्षांनी कमी वाटणं समजू शकतो. पण गेल्या मार्चमध्ये भरलेला गॅस या मार्चमध्ये गेला असेल, तर गळती आहे. "दरवर्षी भरावाच लागतो" हे खरं नाही.

नागपूरच्या माझ्या मामांच्या हॅचबॅकमध्ये दोन उन्हाळ्यांत तीन वेळा गॅस भरला गेला. गळती कोणी शोधलीच नाही. कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात तळहाताएवढा तेलकट डाग होता, त्यावर धूळ चिकटलेली. साबणाचं पाणी लावल्यावर तिथे बुडबुडे आले. दगड लागून भोक पडलं होतं. गॅसबरोबर तेल बाहेर येतं, म्हणून असा तेलकट, मळकट डाग हा गळतीचा सगळ्यात सोपा पुरावा. जोडांवर, कंडेन्सरवर, कॉम्प्रेसरच्या तोंडावर टॉर्च मारून बघा.

आता गॅस मोजण्याबद्दल. गाडी बंद असताना गेज लावून "दाब बरोबर आहे, गॅस फुल आहे" असं कोणी सांगितलं तर मान डोलावू नका. घरच्या सिलिंडरचं आठवा. १४.२ किलोचा भरलेला असो की दोन किलो उरलेला, शेगडीची ज्योत सारखीच असते, कारण आत थोडाही द्रव असेल तोवर दाब फक्त तापमानावर ठरतो. म्हणून आपण सिलिंडर उचलून किंवा वजन करून बघतो. गाडीचंही तसंच : ३० अंशांना आर-१३४एचा दाब गेजवर पावणेसात बारच्या आसपास दिसतो, मग आत ४०० ग्रॅम असो की १५०. खात्रीचा मार्ग एकच, जुना गॅस मशीनने काढायचा, पंपाने अर्धा तास व्हॅक्यूम धरायचा, आणि स्टिकरवरच्या आकड्याइतका गॅस वजनावर भरायचा. व्हॅक्यूममुळे आतली हवा आणि ओलावा निघतो, आणि तो टिकला नाही तर गळती तिथेच कळते. जास्त गॅस भरला तरी एसी गरमच होतो : दाब वाढतो, आणि वरच्या मर्यादेचा स्विच कॉम्प्रेसर थांबवतो.

ऑनलाइन मिळणारे गॅसचे छोटे डबे घेऊन घरी भरू नका. द्रव गॅस त्वचेवर उडाला तर हिमदंश होतो, डोळ्यात गेला तर त्याहून वाईट. आर-१३४ए उणे २६ अंशांना उकळतो. स्वस्तातले गॅस एलपीजीसारखे ज्वालाग्राहीही असू शकतात, आणि तुमची कूलिंग कॉइल प्रवाशांच्या पायांशी आहे.

गॅरेजमध्ये

तिथे जाऊन भांडायचं नाही, पण हे विचारायचं : काढलेला गॅस किती ग्रॅम निघाला? स्टिकरवर ४०० आणि निघाले ३८० असतील तर गॅस हे कारण नव्हतंच. गळती कशाने तपासली, डिटेक्टरने, रंगाने की नायट्रोजनच्या दाबाने? कॉम्प्रेसर गेला म्हणत असाल तर चालू गाडीवर दोन्ही बाजूंचे दाब किती आहेत? चांगला मेकॅनिक हे आकडे आनंदाने सांगतो, गेजचा फोटोही काढू देतो. कॉम्प्रेसर खरंच आतून तुटला असेल तर त्याचा धातूचा चुरा सगळीकडे पसरतो. मग पाइप धुणं आणि ड्रायर बदलणं अंदाजपत्रकात हवंच. नाहीतर नवा कॉम्प्रेसरही त्याच चुऱ्याने जातो.

बिलावर किती ग्रॅम गॅस भरला हे लिहून घ्या, आणि निघण्याआधी थर्मामीटर जाळीत घालून आलेला आकडा, बाहेरचं तापमान आणि तारीख फोनमध्ये टाका. पुढच्या वर्षी "थोडा कमी वाटतोय" या शंकेला उत्तर तयार असेल.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर

फिल्टर, पाचोळा, रिसर्क्युलेशन, कंडेन्सरची धूळ, इथपर्यंत सगळं तसंच. त्यापुढे थांबा. तिथला कॉम्प्रेसर मुख्य बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालतो आणि केशरी आवरणाच्या केबलला हात लावायचा नसतो. तेलही वेगळं असतं. पेट्रोल गाडीचं नेहमीचं तेल वीज वाहून नेऊ शकतं, म्हणून तेच मशीन आणि नळ्या साफ न करता इलेक्ट्रिक गाडीला लावू देऊ नका. अनेक मॉडेल्समध्ये हाच एसी बॅटरीलाही गार ठेवतो. त्यामुळे भर उन्हात फास्ट चार्जिंग करताना आत बसलात आणि हवा थोडी कमी थंड वाटली, तर गाडीने तुमच्या वाट्याची थंडी बॅटरीला दिलेली असू शकते. चार्जिंग संपल्यावर दहा मिनिटांत ती परत आली नाही, तरच तक्रार नोंदवा.